खोडलेला घोडा

लॉजचं काम मिळालं तर फ्रेमवाल्याला सगळा खर्च जाऊन चाळीस हजार सुटणार होते. दोन मजले, मजल्यावर दहा खोल्या, खोलीत दोन चित्रं आणि एक आरसा. जिन्यातली मोठी फ्रेम वेगळी, तिचा भावही वेगळा. चाळीस हजारांत काय काय बसतं ते त्याच्या बायकोने काचा पुसता पुसता बसवून ठेवलं होतं : कोन कापायचं सेकंडहँड मशीन, दुकानाच्या छपराचे दोन पत्रे आणि तिचे दोन दात. दात बरेच दिवस पुढच्या कामावर ढकलले जात होते. मधल्या काळात ती डावीकडून चावायला शिकली होती.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. शनिवारी दुपारी सलूनमध्ये मित्रांत बसून फ्रेमवाल्याला काय सुटत होतं? फुकट कटिंग, फुकट चहा आणि रविवारच्या रेसमध्ये मंडळी जिंकलीच तर अर्धा वाटा, तोही पदरचा एक पैसा न घालता. बिनभांडवली धंदा म्हणतात तो हाच. भांडवल म्हणून फक्त त्याचं नाव लागत होतं, आणि नाव काय, पडूनच असतं, असं त्याला वाटायचं.

सलूनमध्ये चौघं जमत. सलूनवाला स्वतः. शेजारच्या औषधाच्या दुकानातला केमिस्ट. बसमधून रिटायर झालेला आणि आता लोकांना भाड्याच्या खोल्या दाखवत फिरणारा कंडक्टर, ज्याला वयामुळे सगळे काका म्हणत. आणि फ्रेमवाला. गिऱ्हाईक ओसरलं की सलूनवाला रेसचं पुस्तक आरशाखाली उघडून ठेवी, कानावरची लाल पेन्सिल काढी आणि पहिला प्रश्न फ्रेमवाल्याला करी.

"बोल पनौती, कुठला?"

फ्रेमवाला घोडा सांगे. सलूनवाला त्या घोड्यावर लाल काट मारी आणि म्हणे, "गेला!" मग उरलेल्या घोड्यांतून तिघं एक निवडत, वर्गणी काढत, आणि काका पैसे घेऊन कोपऱ्यावरच्या बेटिंगच्या खिडकीवर लावून येत. एवढीच त्यांची पद्धत. फ्रेमवाला ज्याचं नाव घेईल तो हरणार हे ठरलेलं, म्हणून त्याने आधी नाव घ्यायचं आणि एक घोडा बाजारातून उठवायचा. मंडळींच्या मते अशी पक्की टिप शहरात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

हे सुरू झालं सहा वर्षांपूर्वी. त्याने सांगितलेले घोडे ओळीने तीन रविवार आपटले. तिसरा तर पळता पळता थांबून गवत खायला लागला, असं सलूनवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. खरं तर त्या घोड्याचा नाल निघाला होता. पण नालापेक्षा गवत जास्त खपलं.

यात एक गंमत होती. फ्रेमवाला घोडा खरा सांगायचा. आठवडाभर फ्रेमच्या पट्ट्या घासता घासता तो पेपरातलं वाचायचा, कुणाचं वजन वाढवलं, कुणाचा जॉकी बदलला, आणि मनापासून जो जिंकेल असं वाटे त्याचंच नाव घ्यायचा. काट बसणार हे माहीत असून. खोटं नाव सांगितलं असतं तरी अर्धा वाटा तोच होता. पण चुकीच्या मापाला हात उचलत नाही त्याचा, त्याला तो तरी काय करणार.

शुक्रवारी लॉजवाला दुकानात आला आणि नमुन्याची फ्रेम उलटीपालटी करत उभा राहिला. कोपऱ्यावरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही.

"काम तुमचं चोख आहे," तो म्हणाला.

फ्रेमवाला पुढच्या 'पण'ची वाट बघत राहिला. गिऱ्हाईक आधी स्तुती करतं तेव्हा 'पण' बाहेर चप्पल काढत असतो.

"पण... राग मानू नका. माझा मेव्हणा तिकडे दाढीला जातो. तुम्हाला तिथे म्हणे पनौती म्हणतात."

"थट्टेत म्हणतात."

"थट्टेतच म्हणणार ना. मी असलं काही मानत नाही हो." मानत नसलेल्या त्या माणसाने फ्रेम खाली ठेवून रुमालाने बोटं पुसली. "पण कर्ज काढून उभं केलंय सगळं. उद्या एखादी खोली रिकामी राहिली तर घरात पहिला प्रश्न येईल, भिंतीवरचं चित्र कुणाच्या हातचं आहे? बघतो मी. सोमवारी सांगतो."

तो गेल्यावर मागच्या खोलीतला काच कापायचा करकर आवाज थांबला. बायको बाहेर आली. कपाळावर काचेची पूड चमकत होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "त्या नावाचे आजवर किती मिळाले?"

"कसले?"

"तुमचा तो अर्धा वाटा. सहा वर्षांत किती वेळा हातात पडला?"

फ्रेमवाल्याने आठवून पाहिलं. "पडला असेल की चार-पाच वेळा."

"चार-पाच वेळाच? म्हणजे तुमचं नाव खोडून, शहाणपणाने निवडून, ते तिघंही हरतातच की!"

त्याने एक पट्टी उचलून घासायला घेतली.

"घोडे किती पळतात हो एका वेळी?"

"नऊ. कधी दहा."

"आणि पहिला?"

"पहिला एकच येणार ना."

"मग बाकीचे आठ कुणामुळे हरतात? तुम्ही तर एकाचंच नाव घेता." ती पुन्हा आत गेली आणि करवतीसारखा आवाज सुरू झाला. त्यातूनच ती ओरडली, "नाव भाड्याने दिलंत ते दिलंत, भाडं तरी ठरवून घ्यायचं!"

माणूस सहा वर्षं एखादी गोष्ट रोज बघतो आणि ती त्याला दिसत नाही. फ्रेमवाल्याला ती त्या दुपारी दिसली आणि तो तासभर तीच पट्टी घासत राहिला. शेवटी ती इतकी बारीक झाली की टाकून द्यावी लागली.

शनिवारी सलूनमध्ये वातावरण गरम होतं. सीझनची शेवटची मोठी रेस, त्यामुळे वर्गणी तिप्पट ठरली होती. नोटांची चळत पावडरच्या डब्याखाली दाबून ठेवली होती. काका खुर्चीत बसून चहा फुंकत होते. केमिस्ट पांढऱ्या कोटातच आला होता, दुकानावर भावाला बसवून.

"आली आमची टिप!" सलूनवाल्याने पेन्सिल काढली. "बोल पनौती, कुठला?"

फ्रेमवाल्याने खिशातून पाचशेची नोट काढून डब्यापाशी ठेवली. "आज माझी पण वर्गणी."

"ए, उचल ती!" सलूनवाला दचकल्यासारखं करून मागे सरला. "बाकीच्यांना लागण होईल."

सगळे हसले. फ्रेमवालाही इतकी वर्षं अशा वेळी हसायचा. आज त्याने नोट उचलली, घडी घातली आणि परत खिशात टाकली.

"बरं. आज तुम्ही आधी सांगा."

"काय?"

"घोडा. आज तुझ्यापासून सुरू करू. तू सांग, मग केमिस्ट, मग काका. मी शेवटी."

"अरे पण पद्धत आहे आपली."

"तुमची पद्धत आहे. नाव माझं आहे."

काकांनी कप खाली ठेवला. "काय रे, घरी काही झालंय का?"

मग फ्रेमवाल्याने लॉजचं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, आवाज न चढवता. मेव्हणा, दाढी, रुमालाने पुसलेली बोटं. ऐकताना सलूनवाला वस्तऱ्याचं पातं बदलत राहिला. बदलायची गरज नव्हती.

"लोक पण ना," केमिस्ट म्हणाला. "एकविसाव्या शतकात असलं मानतात."

"तू नाही मानत?"

"मी? मी सायन्सचा माणूस आहे."

"छान. मग असं करू." फ्रेमवाल्याने बशीतला साबणाचा तुकडा उचलून आरशावर चार ओळी ओढल्या. "चौघांनी एकेक घोडा इथे लिहायचा, समोर आपलं नाव. उद्या चौघांत ज्याचा घोडा सगळ्यात मागे राहील तो सोमवारपासून वर्षभर पनौती. आणि त्याने स्वतः लॉजवाल्याकडे जाऊन सांगायचं, की ते नाव आता माझं आहे. माझा मागे राहिला तर मी आहेच. पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही."

केमिस्टने कोटाची बटणं लावायला घेतली.

"नाही, म्हणजे गंमत ठीक आहे," केमिस्ट म्हणाला, "पण माझं दुकान औषधांचं आहे. पनौतीच्या हातची गोळी कोण घेईल? पेशंटचा भरवसा उडतो. धंदा आहे माझा!"

"आणि माझा काय छंद आहे?"

"तसं नाही रे..."

"सांग ना. अर्धा गल्ला बसेल?"

"अर्धा? अर्ध्याहून जास्त!" बोलून गेल्यावर केमिस्टला कळलं आपण काय बोललो.

फ्रेमवाला सलूनवाल्याकडे वळला. "तुझा?"

"माझ्याकडे लोक मान पुढे करून डोळे मिटून बसतात," सलूनवाला म्हणाला. "हातात वस्तरा असतो माझ्या. तू बघ ना विचार करून."

"मी केला. सहा वर्षं उशिरा केला. आणि काका, तुम्ही?"

काका टाळूवरून हात फिरवत म्हणाले, "मला काय, मी रिटायर माणूस, माझ्या नावाला..." आणि थांबले. कालच एका नव्या जोडप्याला त्यांनी मागच्या गल्लीतली खोली दाखवली होती. "हां. खोली घेताना लोक फार बघतात हो. आधीचा भाडेकरू का गेला, इथपर्यंत विचारतात."

"म्हणजे तिघांनाही नावाची किंमत पक्की ठाऊक आहे," फ्रेमवाला म्हणाला. "मला वाटलं होतं, तुम्हाला माहीतच नाही. म्हणून मी रागावलो नव्हतो."

"आता काय रडायचंय का त्यावर?" सलूनवाल्याने पेन्सिल पुस्तकावर आपटली. "सहा वर्षं चहा प्यालास, कटिंग केलीस, वाटा घेतलास! तेव्हा नाव टोचलं नाही?"

"नाही टोचलं. स्वस्तात विकलं ही माझी चूक. म्हणून नावाचं हे दुकान बंद करतोय." तो उठला. "नऊ घोडे पळतात, आठ हरतात. माझा हरला की माझ्यामुळे, तुमचा हरला की चिखलामुळे. हे गणित मला पुन्हा ऐकायचं नाही. मी माझे पाचशे माझ्या घोड्यावर लावायला चाललोय."

"कुठल्या?" तिघांनी एकदम विचारलं.

"उद्या रेस झाल्यावर तिकीट दाखवीन."

आणि गेला. चहा तसाच राहिला.

पुढे सलूनमध्ये जे झालं ते काकांनी नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. खरं तर फेवरिट 'हवालदार' होता. लाल कोटातला जॉकी, भाव कमी, पेपरवाल्यांनी एकमुखाने उचललेला. तिघांच्याही मनात तोच. पण मनातलं ओठावर आणायचं कुणी? सहा वर्षं त्या खोलीत पहिलं नाव घेणाऱ्याच्या घोड्यावर काट बसत होती, आणि घेणाऱ्यावरही.

"काका, तुम्ही बोला. वयाने मोठे आहात."

"वय झालं म्हणून काय बळी द्यायचा का? दुकान तुझं, पुस्तक तुझं, तू बोल."

"केमिस्ट सायन्सवाला आहे ना, त्याने बोलावं."

"मी पहिलं बोलणार नाही. एकदम बोलू. एक, दोन, तीन."

तीन झालं. तिघांनीही तोंडं उघडली आणि तशीच ठेवली, दुसऱ्याच्या तोंडातून काय पडतंय ते बघत. मग चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. दाढीच्या वाटीत नऊ चिठ्ठ्या पडल्या. चिठ्ठी उचलणारा म्हणजे नाव घेणाराच, हे केमिस्टच्या ध्यानात आलं आणि वाटी या हातातून त्या हातात अशी फिरू लागली की आत गरम निखारे असावेत. मधे एक गिऱ्हाईक दाढीला आलं, त्यालाच उचलायला सांगू म्हणून सलूनवाल्याने वाटी पुढे केली. तो भलामाणूस लॉटरी समजून घाबरला आणि बिनदाढीचा परत गेला. तोवर कोपऱ्यावरची खिडकी बंद झाली. सीझनच्या सगळ्यात मोठ्या रेसवर मंडळींचा एक पैसा लागला नाही.

रविवारी दुपारी सलूनचं शटर अर्धं ओढून तिघं टीव्हीसमोर बसले होते. चेहरे अशा माणसांचे, ज्यांना खात्री आहे की आज आपलं मोठं नुकसान होणार आहे, आणि तेही न खेळता. फ्रेमवाला शटरखालून वाकून आत आला आणि दाराशीच उभा राहिला. कुणी बस म्हटलं नाही. तोही बसला नाही.

फाटक उघडलं. आठ घोडे सुटले. हवालदार जागचा हललाच नाही. मान वाकडी करून प्रेक्षकांकडे बघत राहिला. जॉकीने चाबूक दाखवला तेव्हा तो निघाला खरा, पण मनातून नाही, वरिष्ठांनी पाठवलं म्हणून निघाल्यासारखा. सगळ्यांच्या मागून, एकटा, आरामात तो शेवटच्या रेषेवर पोचला.

मग केमिस्टने टुणकन उडी मारली. "वाचलो! अरे, वाचलो आपण!"

"तिप्पट वर्गणी होती!" काका म्हणाले. "सगळी गेली असती. सगळी!"

सलूनवाला तर फ्रेमवाल्याच्या गळ्यातच पडला. "तुझ्यामुळे रे, तुझ्यामुळे! तू नाव घेतलं नाहीस म्हणून वाचलो. तू पनौती कसला, तू तर लकी आहेस! आजपासून लकी म्हणायचं याला. ए लकी, दर शनिवारी यायचं आणि इथे गप्प बसायचं. चहा माझा!"

"हात काढ," फ्रेमवाला म्हणाला.

त्याने खिशातून तिकीट काढून आरशापाशी ठेवलं. घोडा होता 'मखमल'. मखमल तिसरा आला होता. पैसे तो पहिला येण्यावर लावलेले होते.

"हा माझा घोडा. तिसरा आला. मी पाचशे हरलो. तुम्ही लावले नाहीत म्हणून हरला नाहीत. यात ना पनौती आहे, ना लकी आहे."

"अरे, कसला माणूस आहेस! चांगलं म्हणतोय तर तेही नको?" सलूनवाल्याला खरंच कळेना. "ऐक, उद्या सकाळीच जातो मी लॉजवाल्याकडे. सांगतो, याचा पायगुण सोन्याचा आहे. काम तुझं झालं समज."

"एक शब्द बोललास तर बघ."

"मित्र आहे मी तुझा!"

"म्हणूनच सांगतोय. तोंड बंद ठेव."

पण सलूनवाल्याचं तोंड बंद राहिलं असतं तर त्याचं सलून कधीच बंद पडलं असतं. सोमवारी सकाळी लॉजवाला फ्रेमवाल्याच्या दुकानात आला तो हसतच. आज रुमाल खिशातून बाहेर आला नाही. उलट त्याने दोन्ही हातांनी फ्रेमवाल्याचा हात धरला.

"मला काही माहीतच नव्हतं हो! सगळं काम तुमचं. दोन्ही मजले. आणि जिन्यातली पहिली फ्रेम तुमच्या हातानेच लावायची. तुमचा पायगुण आम्हाला..."

मागच्या खोलीतला करकर आवाज थांबला.

चाळीस हजार दारात उभे होते. फक्त 'बरं' म्हणायचं होतं, आणि तेही नाही म्हटलं तरी चाललं असतं, मान हलवून भागलं असतं. फ्रेमवाल्याने मान हलवली नाही.

"काल मी रेसमध्ये पाचशे हरलो," तो म्हणाला.

लॉजवाल्याचं हसू जागच्या जागी राहिलं. "पण सलूनवाला तर म्हणाला..."

"सलूनवाला केस चांगले कापतो. तेवढंच त्याचं ऐका. साहेब, आज मला लकी म्हणून काम द्याल. महिन्याने एक खोली रिकामी राहिली की मी परत पनौती. मग ही सगळी चित्रं उतरवून माझ्या दारात आणून टाकाल आणि पैसे परत मागाल. मी काय करू मग? मला कोपऱ्याचे पैसे द्या. पट्टीचे द्या, काचेचे द्या. पायगुणाचे मला नकोत, कारण तो मी विकतच नाही."

लॉजवाल्याने नमुन्याची फ्रेम उचलली. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याने पुन्हा कोपऱ्यावरून नख फिरवलं.

"खालचा मजला करा," शेवटी तो म्हणाला. "आणि जिन्यातली. वरचा मी दुसऱ्याला देतो. दोन्हीकडे पाय ठेवलेला बरा."

"अर्धे पैसे आगाऊ लागतील," आतून बायकोचा आवाज आला. ती पूड झटकत बाहेर आलीच. "आणि फ्रेम लावायची मजुरी वेगळी. हुकाचेही."

लॉजवाल्याने आगाऊ पैसे मोजून दिले. आणि तो रस्त्याला लागला.

"वरचा मजला गेला," ती म्हणाली.

"गेला."

"बोललात ते बरं केलंत." ती गल्ल्यापाशी उभी राहून बोटांवर काहीतरी मोजत होती. "पण वरच्या मजल्याचे अठरा हजार आपण का सोसायचे? नाव वापरलं त्या तिघांनी, आणि भुर्दंड आपल्याला?"

शनिवारी फ्रेमवाला सलूनमध्ये गेला. आरशाखाली रेसचं पुस्तक नव्हतं. सीझन संपला होता. तिघं नुसतेच बसले होते, पत्ते पिसत.

"आला बाबा आपला..." सलूनवाला म्हणाला आणि पुढचा शब्द गिळला. काय म्हणायचं हे त्यालाच ठरवता आलं नव्हतं.

"वरच्या मजल्याचं काम गेलं," फ्रेमवाला म्हणाला. "अठरा हजार सुटले असते. तीन वाटे, सहा-सहा हजार. एकदम नको, सवडीने द्या."

केमिस्टच्या हातातले पत्ते खाली पडले. "कसले वाटे?"

"नावाचे. वापरलंत, झिजवलंत. आता भरून द्या."

"वेडा झालास का रे? कुठल्या कोर्टात टिकेल हे?"

"मी कोर्टात कुठे आलोय? मी मित्रांकडे आलोय."

"मी तुझं चांगलं केलं!" सलूनवाला उसळला. "तुला लकी केलं! तू जाऊन स्वतःच्या तोंडाने वाटोळं केलंस, आणि पैसे मी भरू?"

"पनौती तू केलंस, लकीही तूच केलंस. दोन्ही वेळा मला विचारलं नाहीस."

"चालता हो! परत इथे पाय ठेवायचा नाही!"

"पाय ठेवायला मी आलोच नव्हतो," फ्रेमवाला म्हणाला. "वसुलीला आलो होतो."

काका हळूच उठले आणि त्याच्याबरोबर बाहेर आले. फुटपाथवर त्यांनी पाकीट काढलं, आत बघितलं, आणि एक हजार दिले. "इतकंच आहे आत्ता," ते म्हणाले. "कंडक्टर होतो मी. तिकीट न काढता कुणाला बसू दिलं नाही कधी. आणि सहा वर्षं मीच बसलो होतो की."

एकूण जमाखर्च असा झाला. लॉजवाल्याने खालच्या मजल्याचे आणि जिन्यातल्या फ्रेमचे पैसे पूर्ण दिले, त्यात खर्च जाऊन बावीस हजार सुटले; लावायची मजुरी आणि हुकांचे वेगळे. काकांनी भाडेकरू बसेल तसे हजार-हजार करत सहाच्या सहा दिले आणि शेवटच्या वेळी पेढ्याऐवजी दोन केळी आणली. केमिस्टने चार दिले, तेही रोख नाही, फ्रेमवाल्याच्या बायकोला लागणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या रूपात, आणि उरलेल्या दोनांबद्दल विचारलं की तो अजून "बघू" म्हणतो. सलूनवाल्याने एक पैसा दिला नाही. आणि मखमलवर लावलेले पाचशे फ्रेमवाल्याने स्वतः भरले, ते त्याने कुणाकडेही मागितले नाहीत.